मुलाखतीआधी कागद तपासा

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र लोकसेवा आयोग, सी.बी.डी. बेलापूर, नवी मुंबई



राज्यसेवेची मुलाखत पूर्वी १०० गुणांची होती. २०२५च्या नव्या योजनेत लेखी परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ची झाली. एवढं वजन असलेल्या त्या अर्ध्या तासाला उमेदवार मोकळ्या मनाने सामोरा जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

पुण्यात सदाशिव पेठेत मी अभ्यासिका चालवतो. मुलाखतीचं बोलावणं आलेली मुलं शेवटच्या आठवड्यात काय बोलतात, ते रोज कानावर पडतं. चालू घडामोडी राहतात बाजूला. बोलणं सगळं कागदपत्रांचं. जातवैधता मिळाली का, नॉन-क्रीमीलेअरची तारीख चालेल का, दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव वेगळं आहे त्याचं काय? लग्न झालेल्या मुलींना राजपत्रातल्या नावबदलाची आणखी एक काळजी. मूळ कागद तपासायचे मुलाखतीच्याच दिवशी. एखादा कमी निघाला, तर ते पोर आत जाऊन आपल्या जिल्ह्याच्या पाणीप्रश्नावर काय बोलणार?

ही तपासणी पंधरा दिवस आधी विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात करून घ्या. राज्यात असे सहा विभाग आहेत. सिरोंच्याच्या मुलीला गडचिरोली गाठायलाच दोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. पुढे नागपूर, आणि तिथून मुंबई रेल्वेने आठशेच्या वर. चूक नागपुरात कळली तर सेतू केंद्रात जाऊन नवा दाखला काढायला तिच्या हाताशी दिवस असतील. बेलापुरात कळली तर काहीच करता येणार नाही.

प्रवासखर्चाचंही बघा. केंद्रीय लोकसेवा आयोग दिल्लीला मुलाखतीसाठी येणाऱ्यांना रेल्वेभाड्याचा हातभार देतो. आपल्याकडे शेतमजुराच्या घरातली मुलं मुलाखतीच्या प्रवासासाठी उसने पैसे काढतात. हे मला फार लागतं.

आणखी एक. उमेदवाराचं आडनाव आणि प्रवर्ग मुलाखत मंडळापुढे येणार नाही, असं आयोगाने लेखी जाहीर करावं. मंडळ निःपक्षपाती असेलही, पण गुण कमी पडले की आडनावाची शंका मुलाच्या मनात वर्षानुवर्षं राहते. ती मी पाहिली आहे.

यांपैकी तपासणीचं काम तरी पुढच्या जाहिरातीपासून सुरू करावं, ही विनंती.

आपला,
एक अभ्यासिकाचालक, पुणे