कार्ड हिरवे, पण नमुना कुठला?

गावाचे पाणी कसे आहे, हे आपल्या राज्यात कार्डाच्या रंगावरून कळते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आरोग्य कर्मचारी पाण्याचे स्रोत पाहून जातात. विहिरीभोवती घाण आहे का, पाइप फुटला आहे का, टीसीएल पावडरचा साठा आहे का, वर्षभरात साथ आली का, यावरून जोखीम ठरते. जास्त जोखीम असेल तर लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे राहिले तर चंदेरी. पोखर्णीलाही हाच नियम आणि कोकणातल्या खेड्यालाही हाच.

पद्धत वाईट नाही. लाल कार्डाच्या लाजेने तरी पंचायती हलतात. पण कार्ड अख्ख्या ग्रामपंचायतीला मिळून एकच असते, आणि पाणी काही सगळ्या आळ्यांत सारखे नसते. टाकीजवळच्या नळाला क्लोरीनचा वास येतो, शेवटच्या नळापर्यंत तो उरतोच असे नाही. पाइप नालीतून गेला असेल तर पाणी बंद असताना नालीतली घाण फटीतून आत ओढली जाते. कित्येक गावांत हा शेवटचा नळ आपल्या वस्तीत असतो. तो तिथे का, हे गावकुसाबाहेर राहिलेल्यांना सांगायला नको. मग टाकीजवळचा नमुना कितीही चांगला निघो, आपल्या माठाचे काय?

पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही नसावा आणि नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. क्लोरीनची तपासणी अवघड नाही. ओटी द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचे ठरले आहे. त्या पाचजणींत आपल्या वस्तीतली एकतरी आहे का, हे आशाताईंना विचारा. नसेल तर आपल्या एका मुलीचे नाव पुढे करा.

येत्या ग्रामसभेत एवढेच मागा: नमुना कोणत्या तारखेला, कोणत्या नळाचा किंवा हापशाचा घेतला आणि त्यात काय निघाले, हे पंचायतीच्या फलकावर लिहा. पुढचा नमुना वस्तीतल्या शेवटच्या नळाचा, आमच्यासमोर घ्या. तोंडी उत्तर मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही माफ. उत्तराची मुदत ३० दिवस.

तोवर नळाचे पाणी उकळून प्या. हापशाच्या पाण्याची गोष्ट जरा वेगळी. ते काचेसारखे स्वच्छ दिसते, पण त्यात नायट्रेट असू शकते, आणि त्याला ना रंग ना वास. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर ते तान्ह्या लेकरांना घातक ठरते. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटले की वाढते. टीसीएलनेही जात नाही. म्हणून बाळाला वरचे दूध पाजत असाल, तर हापशाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावाच.