फलक उन्हात मोजा

बसथांब्यावरच्या माहितीफलकाची निविदा उघडली की सर्वांत ठळक आकडा असतो तो निटचा. तो मोजतात अंधाऱ्या खोलीत, आणि फलक उभा राहतो भोपाळच्या व्हीआयपी रोडसारख्या तलावाकाठच्या उघड्या रस्त्यावर. आपल्या व्यवसायातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या तफावतीत आहे.

कर्कवृत्त भोपाळच्या थोडे उत्तरेकडून जाते. त्यामुळे जूनच्या मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या फलकावर ऊन जेमतेम घसरते. दक्षिणमुखी फलकाची खरी परीक्षा डिसेंबरात होते. तेव्हा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवरच असतो आणि ऊन पडद्यावर चांगलेच समोरून येते. तिथे ६०,००० लक्स धरा.

एलईडी फलक स्वतः उजेड देतो, एलसीडी मागच्या दिव्याचा उजेड वापरतो. दोघांनाही उन्हाशी स्पर्धा करावी लागते. १,००० निटच्या पडद्याचा काळा भाग ५ टक्के प्रकाश परतवत असेल, तर तो काळाच सुमारे ९५० निटने उजळतो. पांढऱ्या-काळ्यातला फरक जेमतेम दुप्पट उरतो आणि अनुस्वार, वेलांट्या आधी पुसट होतात.

ई-पेपरमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे कण आणि काळे कण विद्युतक्षेत्राने वरखाली सरकतात. पांढरा भाग ४० टक्के प्रकाश परतवत असेल, तर त्याच उन्हात तो ७,६०० निटने दिसतो. काळाही त्याच प्रमाणात उजळत असल्याने दोघांतले गुणोत्तर टिकते. वीज मुख्यतः मजकूर बदलतानाच लागते.

म्हणून सगळीकडे ई-पेपर लावावा, असे आम्ही म्हणणार नाही. रात्री त्याला समोरून दिवा द्यावा लागतो, चलच्चित्र त्याला झेपत नाही, रंग फिके दिसतात. अनेक पॅनेलची तापमानमर्यादा ५० अंश असते आणि मे महिन्यात बंद पेटी ती सहज ओलांडू शकते. छताखालच्या फलाटावर, दुरून वाचायच्या गाडीच्या सूचनेसाठी एलईडीच योग्य. वेळापत्रक, मार्ग, थांब्याचे नाव अशा जवळून वाचायच्या, क्वचित बदलणाऱ्या मजकुरासाठी मात्र परावर्ती पडदा आधी विचारात घ्यावा.

त्यासाठी निविदेत तीन गोष्टी मागा : फलकाची दिशा, त्या जागी दिवसभरात पडणारे लक्स आणि त्या उजेडात मोजलेले पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर. पुरवठादाराकडून नमुना घेऊन तो डिसेंबरच्या दुपारी प्रत्यक्ष जागेवर उभा करा. थांब्यावरच्या वयस्क प्रवाशाला बसचा क्रमांक वाचता आला, तरच बिलावर सही करा.