गिझर तापतो, म्हणजे जोडणी बरोबर आहे काय?



थंडीची चाहूल लागली, की घरोघरी गिझरची आठवण होते. कोठे जुना दुरुस्त होतो, कोठे नवा येतो. आपल्या व्यापारी घरांत पाना-पक्कड हाताशी असते, दुकानातील किरकोळ दुरुस्ती स्वतः करण्याची सवयही असते, आणि आता मोबाइलवर चित्रफितीही पाहता येतात. ‘दोन तारा जोडायला वायरमन कशाला?’ असे घरातील तरुण म्हणतात. काटकसरीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु स्नानगृहातील विजेच्या कामात अडचण ही आहे, की चुकलेले काम हुबेहूब बरोबर झालेल्या कामासारखेच दिसते.

तेरीज जुळली म्हणजे वह्या निर्दोष ठरत नाहीत, हे आपल्यापैकी अनेकांना शिकवावे लागणार नाही. एखादा व्यवहार लिहायचाच राहून गेला, तरी तेरीज जुळतेच. गिझरचे तसेच आहे. पाणी तापवण्यास फेज आणि न्यूट्रल या दोन तारा पुरतात. तिसरी, हिरवी, अर्थची तार मोकळीच राहिली तरी पाणी तेवढेच तापते. ही तार काम करते ती वर्षा-दोन वर्षांनी. बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचून, गंज चढून गिझरचे एलिमेंट फुटले, की वीज टाकीत आणि पाण्यात उतरते. अर्थची तार धड असेल, तर त्या विजेला जमिनीकडे जाण्याचा सोपा मार्ग मिळतो. तार नसेल, तर टाकी, नळ आणि नळातून येणारे पाणी भारित होऊन राहते, आणि जमिनीकडचा मार्ग नळाला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जातो.

दुसरी चूक फेज-न्यूट्रलच्या अदलाबदलीची. स्विच फेजच्या तारेत असला पाहिजे. तो न्यूट्रलमध्ये बसला, तरी बटण दाबताच दिवा लागतो आणि विझतोही. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज उभीच असते. ‘बटण बंद केले होते ना!’ असे नंतर म्हणून उपयोग नसतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत अधिक खटकतो, कारण त्यात जाणकारीचा आव असतो. जुन्या घरात अर्थिंग सापडत नाही, म्हणून ती हिरवी तार न्यूट्रललाच जोडून टाकतात, किंवा पाण्याच्या नळाला गुंडाळतात. पुढे कधी न्यूट्रल मध्येच तुटली, तर गिझरच्या संपूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. नळाचे म्हणावे, तर पूर्वीचे लोखंडी पाइप आता जागोजागी प्लॅस्टिकचे झाले आहेत. वीज जमिनीत न जाता घरातील दुसऱ्याच नळावर जाऊन बसते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा आपल्या जुन्या इमारतींत कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा परसात असे. त्यावर फरशी पडली, खोली चढली, आणि खड्डा कोठे होता हे सांगणारेही आता घरात नसतात. साधा टेस्टर फेज दाखवतो. अर्थिंग शाबूत आहे की नाही, हे त्याला सांगता येत नाही.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. एमसीबी तारांचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. गिझरच्या लाइनवरील १६ अँपिअरची एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअरवर पहारा. ओल्या अंगाचा विरोध हजार-दीड हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला अशा शरीरातून १५० ते २३० मिलिअँपिअर वीज जाते. हृदयाची लय बिघडवून प्राण घेण्यास ती पुरेशी आहे, आणि एमसीबीच्या लेखी ती चिल्लर आहे.

त्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण असते. त्याचे काम आपल्या रोजमेळासारखे: फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत आली की नाही, हे ते अखंड पाहते. फरक ३० मिलिअँपिअरवर गेला, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्यावी. १०० किंवा ३०० ची मुख्यतः आग टाळण्यासाठी असते. तिच्यावरील ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र कोणी एकाच वेळी फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारांना धरले, तर तिलाही फरक दिसत नाही. म्हणून अर्थिंगला ती पर्याय नव्हे, जोड आहे.

स्नानगृहात माणूस अनवाणी असतो, ओला असतो, एकटा असतो, आणि दाराला आतून कडी असते. बाहेरच्यांना कळेपर्यंत मिनिटे जातात. स्वयंपाकघरात झटका बसून निभावतो, तो येथे निभावेलच असे नाही.

नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर पुष्कळ घरांत रबरी चपला घालून स्नान करण्याची युक्ती काढतात. असे कदापि करू नये. तो मुख्य स्विच बंद करून वायरमन बोलावण्याचा क्षण आहे.

कायद्यानेही सीमा आखली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण यांची, मूळ जोडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी बदली घरच्यांना मोकळी ठेवली. बाकी काम परवानाधारक ठेकेदारामार्फत. २०१० च्या विनियमांतही हेच तत्त्व राहिले. म्हणजे बल्ब आपण बदलावा, तोही मुख्य स्विच बंद करून. पण आरशावरील दिव्याच्या बारीक तारेतून गिझरसाठी फाटा काढणे आपले काम नव्हे. २,००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३,००० वॉटचा १३. त्याला १६ अँपिअरचा प्लग आणि थेट बोर्डापासून आलेली स्वतंत्र जाड तार लागते. काम झाल्यावर वायरमनकडून अर्थिंग उपकरणाने मोजून घ्यावे, व तो आकडा बिलावर लिहून मागावा. मागितला म्हणून कोणी रागावत नाही. रागावला, तर दुसरा वायरमन पाहावा.

राहिला बादलीत सोडायचा रॉड. त्याच्या तीन पिनांच्या प्लगऐवजी दोन पिनांचा बसवलेला मी चांगल्या घरांतही पाहिला आहे. तो आजच काढावा. पाणी तापले का हे पाहायचे, तर आधी बटण बंद करावे, मग प्लग काढावा, रॉड बाहेर घ्यावा, आणि त्यानंतरच पाण्यात बोट घालावे. रॉड चालू असताना लहान मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये.