सांगकाम्यांचा उपद्रव आणि आपण

सांगकाम्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली असेल. सांगितले तेवढे करायचे. का व कशासाठी, हे विचारायचे नाही, असा त्याचा स्वभाव. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आपोआप काम करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला, म्हणजे 'बॉट'ला, हेच नाव दिलेले आहे. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. हा सांगकाम्या चांगल्या धन्याकडे असला तर एका रात्रीत हजार पानांतील चुका दुरुस्त करतो आणि लोभी धन्याकडे असला तर त्याच रात्रीत हजार पानांवर जाहिराती चिकटवतो. त्याच्या लेखी दोन्ही कामे सारखीच!

अनोळखी माणसांनी जमून बोलावे अशा पुष्कळ जागा आज आंतरजालावर आहेत. मराठीतील 'मायबोली' तर १९९६ पासून आहे, म्हणजे आज महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांहून ती वयाने मोठी. अशा जागी कोणी गंगूबाई हनगल यांच्या गायकीविषयी लिहीत असावे, कोणी मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एखाद्या अनवट रागाविषयी विचारीत असावे, आणि मध्येच कर्जाची, जुगाराची किंवा वजन उतरवण्याच्या गोळ्यांची जाहिरात येऊन पडावी, हा अनुभव आता कोणाला नवा राहिलेला नाही. एक पुसावी तोवर दहा उगवतात. मग बोलणारे हळूहळू उठून जातात आणि जागा ओस पडते. खरे नुकसान जाहिरातीने होत नाही, या उठून जाण्याने होते.

रोग जुनाच आहे. १२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने एका छोट्याशा आज्ञावलीच्या साहाय्याने 'यूजनेट' या तत्कालीन चर्चाजालावरील साडेपाच हजारांहून अधिक गटांत एकच जाहिरात टाकली. विषय होता, अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मिळवून देणारी 'ग्रीन कार्ड' लॉटरी. गंमत अशी की, त्या वर्षीच्या लॉटरीत भारतात जन्मलेल्या माणसाला भागच घेता येत नव्हता. पण यंत्राला त्याचे काय? समोर कोण बसले आहे, ते कशाविषयी बोलत आहेत, हे त्याला दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त एक मोकळी भिंत.

भिंतीवरून आठवले. आपल्या हुबळी-धारवाडच्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवरही जाहिराती डकवलेल्या असतात. सार्वजनिक जागांचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा कर्नाटकात १९८१ पासून आहे, तरीही त्या असतात. परंतु भिंतीवर डकवणाऱ्याला निदान कागद छापावा लागतो, खळ करावी लागते, रात्री शिडी घेऊन हिंडावे लागते. त्याच्या लोभाला त्याच्या श्रमाचा लगाम असतो. आंतरजालावर हा लगामच तुटला आहे. दहा ठिकाणी डकवायला जेवढा खर्च, जवळजवळ तेवढाच दहा लाख ठिकाणी. खर्च उरतो तो वाचणाऱ्याच्या वेळेचा आणि पुसणाऱ्याच्या कष्टाचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती ही अशी.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. या जाहिरातींतील दुवे पुष्कळदा वाचकासाठी नसतातच; ज्या स्थळाकडे अधिक दुवे, ते शोधयंत्रात वर दिसते, म्हणून ते पेरलेले असतात. हे ओळखून २००५ साली गूगल आणि इतर कंपन्यांनी अशी खूण काढली की, ती लावलेला दुवा शोधयंत्राने क्रम ठरवताना मोजू नये. दुसरा उपाय कॅप्चाचा. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून दाखवा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध झाले. यंत्राला दारातच अडवण्याची ही युक्ती खरोखर हुशारीची होती.

पण या कुलपाची किल्ली कोठे सापडली, हे ऐकून मान खाली जाते. यंत्राला जी अक्षरे वाचता येईनात, ती वाचायला माणसेच मजुरीने लावली गेली. भारतात, बांगलादेशात, चीनमध्ये असे काम चालत असल्याची आणि हजार कोडी सोडवण्याचा दर सुमारे ८० सेंट ते सव्वा डॉलर असल्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१० साली दिली होती. त्या वेळच्या हिशेबाने हजार कोड्यांना फार तर पन्नास-पंचावन्न रुपये!

हे दूरचे वाटेल, म्हणून जवळचे सांगतो. माझ्या एका मित्राने सुट्टीत 'घरबसल्या टंकलेखन' म्हणून असेच काम धरले होते. दिवसभर डोळे ताणून तो अक्षरे ओळखीत बसे. "अरे, हे कोणासाठी करतोस?" असे विचारले तर म्हणाला, "काय ठाऊक! अक्षरे येतात, मी टाइप करतो." पैसे पुरते मिळालेच नाहीत, ती गोष्ट वेगळी. माझ्या मनात राहिले ते त्याचे उत्तर. का आणि कशासाठी हे न विचारणारा सांगकाम्या आता संगणकात नव्हता, माझ्यासमोर खाटेवर बसला होता. त्याला मी दोष देत नाही. फी भरायची होती आणि दुसरे काम मिळत नव्हते. परंतु दारावर आपण पहारा ठेवावा आणि कडी आतून आपल्याच माणसाने काढावी, हे चित्र विसरता येत नाही.

काही जण म्हणतील, मग दारेच बंद करा. ओळख पटल्यावाचून कोणाला आत घेऊ नका. मला हे पटत नाही. कुलपे वाढली की चोर नवी किल्ली घडवतो आणि अडतो तो बिचारा नवखा. चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट अंध विद्यार्थ्याला तर दाराबाहेरच ठेवते. शिवाय आता यंत्रे चांगले वाक्य लिहू लागली आहेत. केवळ भाषेवरून माणूस ओळखण्याचे दिवस सरत चालले आहेत.

मार्ग आहे तो जागा आपली मानण्याचा. मराठी आणि कन्नड विकिपीडिया आजही कोणालाही लिहू देतात. तेथे प्रत्येक बदलाची नोंद राहते, 'अलीकडील बदल' कोणालाही पाहता येतात आणि वाईट बदल उलटवता येतो. कोणी पगारी रखवालदार तेथे नाही. यंत्रांची मदत आहे, पण शेवटचा निवाडा बहुधा एखादा शिक्षक, एखादी गृहिणी, एखादा विद्यार्थी करतो. आपण आठवड्यातून अर्धा तास अशी गस्त घालू शकणार नाही काय?

धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेचा अट्टा सर्वांना ठाऊक आहे. १९३३ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या माळ्यावर लेखक जमत, वाद घालीत. गिरीश कार्नाडांचे 'ययाति' १९६१ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाले. अशी बैठक दाराच्या कडीने टिकत नाही. आलेल्याकडे मान वर करून पाहणारी आणि "बसा, काय म्हणता?" असे विचारणारी माणसे असतात, म्हणून ती टिकते. हा प्रश्न यंत्राला विचारून उपयोग नाही. पण एकमेकांना, आणि काम हाती घेताना स्वतःलाही, तो विचारण्याची सवय आपण ठेवली, तर सांगकाम्यांचे राज्य येणार नाही.