भोंगे थांबले, ‘आयटीआय’ उभ्याच

दहावीचा निकाल जाहीर झाला की मुंबईच्या उपनगरांत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. कला, वाणिज्य की विज्ञान? तिथे निभाव लागणार नाही असे दिसले, तरच चौथा पर्याय पुढे येतो. तोही बहुधा आवाज खाली आणून : ‘नाहीतर आयटीआय आहेच.’ या ‘नाहीतर’मध्येच मुलुंड, बोरिवलीसारख्या उपनगरांतील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची आजची अवस्था सामावलेली आहे. ज्या शिक्षणाने एकेकाळी तरुणांना थेट कारखान्याच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविले, ते अखेरचा पर्याय का ठरले, हा प्रश्न केवळ शिक्षणाचा नाही. तो उपनगरांच्या बदललेल्या अर्थकारणाचाही आहे.

कारखान्यांची सोबत

तंत्रशिक्षण मुंबईला नवे नाही. आज ‘व्हीजेटीआय’ म्हणून ओळखली जाणारी संस्था १८८७ मध्ये स्थापन झाली, तेव्हा शहरात कापड गिरण्यांचा जोर होता. स्वातंत्र्यानंतर गरज व्यापक झाली. केंद्र सरकारने १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यातून देशभर ‘आयटीआय’चे जाळे विणले गेले. १९५६ मध्ये या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र मात्र राष्ट्रीय पातळीवर एकच राहिले. पुढे १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला. संस्थेत शिकायचे आणि कारखान्यात मुरायचे, अशी ही दोन टप्प्यांची रचना होती.

या रचनेसाठी उपनगरांइतकी अनुकूल भूमी क्वचितच असेल. कुर्ल्याला प्रीमियर आणि कमानी, विक्रोळीला गोदरेज, भांडुपला सिएट आणि जीकेडब्ल्यू. पश्चिमेला गोरेगावचे निरलॉन, कांदिवलीचा महिंद्रचा कारखाना. अंधेरीत मरोळची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९७३ मध्ये शेजारीच ‘सीप्झ’ आले. फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, मशिनिस्ट म्हणजे यंत्र कारागीर. हे व्यवसाय म्हणजे याच कारखान्यांतील खात्यांची नावे होती. लोकलने दोन-तीन स्थानके ओलांडली की शिकलेले काम समोर दिसत असे.

पुढे हे चित्र पालटले. मुंबईत नवे उद्योग नकोत, हे सरकारी धोरण, जमिनीचे चढते भाव आणि उद्योगांचे स्थलांतर यांमुळे एकेक भोंगा थांबत गेला. निरलॉनच्या आवारात आज माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आहेत. कुर्ल्यात ‘कमानी’ हे नाव नाक्यापुरते उरले असून, त्या परिसरात आणि घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर मोठे मॉल उभे आहेत. काही कारखाने टिकून आहेत. पण पट्टा म्हणावा अशी सलगता उरलेली नाही.

काय शिकविले जाते?

तरीही ‘आयटीआय’त जे शिकविले जाते ते निरुपयोगी ठरलेले नाही. बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण ही अट आहे. संधाता म्हणजे वेल्डर आणि तारतंत्री म्हणजे वायरमन यांसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्णही चालते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वीजतंत्री, वातानुकूलन तंत्रज्ञ, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर आणि संगणक चालक हे एका वर्षाचे. शासकीय संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत.

महाविद्यालयाहून येथील दिनक्रम सर्वस्वी वेगळा. निम्म्याहून अधिक वेळ कार्यशाळेत जातो. फिटरचा विद्यार्थी सुरुवातीला शेगड्यासमोर उभा राहून कानस चालवतो. लोखंडी तुकडा काटकोनात आणणे आणि व्हर्नियर कॅलिपरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजणे, हा त्याचा पहिला धडा असतो. त्यातून हाताला येणारी शिस्त पुस्तकातून येत नाही.

या हातांना मागणीही आहे. जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांना उद्वाहने, पंप आणि अग्निशमन यंत्रणा लागतात. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये धावू लागली. ‘२ अ’ आणि ‘७’ या मार्गिका २०२२ ते २०२३ दरम्यान सुरू झाल्या. सरकते जिने, सिग्नल यंत्रणा, वातानुकूलन यांची देखभाल अखेर तंत्रज्ञच करतो. मग अडते कुठे?

तुटलेला दुवा

अडते ते दुसऱ्या टप्प्यावर. पूर्वी मालक म्हणजे कारखाना होता. त्याला दार होते, खाते होते, शिकाऊ उमेदवाराला हाताखाली घेणारा जुना कामगार होता. आता उपनगरांत तंत्रकामाचा मोठा हिस्सा कंत्राटदार आणि छोट्या सेवा आस्थापनांकडे आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते २९ कर्मचारी असलेल्यांना मात्र ते ऐच्छिक आहे. सोसायटीचा पंप किंवा वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणारा व्यावसायिक बहुतेकदा याच ऐच्छिक गटात मोडतो. म्हणजे काम जिथे वाढले, तिथे शिकविण्याचे बंधन नाही.

परिणामी प्रमाणपत्र हाती असूनही अनुभव नाही, म्हणून नोकरी नाही. आणि नोकरी नाही, म्हणून अनुभव नाही, अशा चक्रात तरुण सापडतो. शेजारचा मुलगा दोन वर्षे शिकून घरी बसलेला पाहिला की पुढचा पालक ‘नाहीतर’ म्हणतो. प्रतिष्ठेचा प्रश्न इथून सुरू होतो. पालकांच्या मानसिकतेला दोष देणे सोपे; पण ती मानसिकता अनुभवातून आलेली आहे.

योजनांची मात्र वाण नाही. २००७-०८ मध्ये सार्वजनिक-खासगी भागीदारीतून देशातील १,३९६ शासकीय संस्थांचा दर्जा उंचावण्याची योजना आली; प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देण्याची तीत तरतूद होती. २०१६ मध्ये विद्यावेतनाचा काही भार उचलणारी शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार शासकीय ‘आयटीआय’च्या आधुनिकीकरणासाठी ६० हजार कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यांपैकी १० हजार कोटी उद्योगांकडून अपेक्षित आहेत.

यंत्रे नवी यायलाच हवीत. मात्र उपनगरांची गरज यंत्रांपुरती नाही. छोट्या आस्थापनांचे गट करून त्यांच्याकडे शिकाऊ उमेदवार फिरत्या पद्धतीने पाठविता येतील. मेट्रो, महापालिका आणि मोठे गृहप्रकल्प यांच्या देखभालीच्या कंत्राटांतच उमेदवार घेण्याची अट घालता येईल. वरच्या शिक्षणाचे दार तर आधीच उघडे आहे : दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दहावीच्या मुलापर्यंत ही माहिती वेळेवर पोहोचली, तर त्याच्या लेखी ‘आयटीआय’ हा शेवटचा थांबा राहणार नाही.

कारखाने परत येणार नाहीत, हे उपनगरांनी केव्हाच स्वीकारले आहे. त्यांच्या दाराची जागा कोण घेणार, हे मात्र अजून ठरलेले नाही. ते ठरेपर्यंत कार्यशाळेत कितीही नवी यंत्रे आली, तरी दहावीच्या निकालानंतर घराघरांत ‘नाहीतर’ हाच शब्द ऐकू येत राहील.