‘सेन्सेइ’च्या देशात पंधरा दिवस

दिवाळीच्या फराळाबरोबर प्रवासवर्णन वाढायचे, ही आपल्या नियतकालिकांची जुनी चाल. तेव्हा वाचकहो, यंदा या सदरात चकली-कडबोळ्यांशेजारी थोडा जपानही घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई पंधरा दिवस तिकडे जाऊन आलो. फुजी पर्वत आणि १९६४ पासून धावणारी ती बाणासारखी आगगाडी यांविषयी तुम्ही पुष्कळ वाचले असेल. मी आपले एका मास्तरीणबाईच्या नजरेला जे पडले, तेवढेच सांगते.

पहिला अनुभव सुखाचा. मी शिक्षिका आहे असे कळले, की समोरचा माणूस कमरेत जरा जास्त वाकून ‘सेन्सेइ’ म्हणू लागे. या शब्दाची दोन अक्षरे म्हणजे ‘आधी’ आणि ‘जन्मलेला’. जाऊबाईंनी लगेच हिशेब केला. “म्हणजे वयाचा मान! मग मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी सेन्सेइ!”

क्योतोत एका पुस्तकाच्या दुकानात लहान मुलांचा अक्षरतक्ता टांगला होता. जवळच्या मार्गदर्शिकेत पाहून मी वाचू लागले: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. जाऊबाई थबकल्याच. “अगं, ही तर आपली मुळाक्षरं!” त्या फारशा चुकल्या नव्हत्या. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्र ‘सिद्धम्’ नावाच्या आपल्या जुन्या लिपीत तिकडे नेले, जपानी पंडितांनी तिचा अभ्यास केला आणि त्यातूनच त्यांच्या अक्षरांना हा क्रम लाभला. ‘हा’च्या ओळीचा उच्चार पूर्वी ‘पा’ असा होता, हे कळले की क, च, ट, त, प ही आपली वाट अधिकच स्पष्ट दिसते. आपली सरस्वतीही तिकडे आहे. ‘बेंझाइतेन’ या नावाने, हातात वीणेऐवजी ‘बिवा’ घेऊन.

नारा गावात रस्त्यावरची हरणे बिस्किटासाठी मान लववतात. आमच्या वर्गातली काही मुले आठवली! तिथल्या तोदाइजी मंदिरात सुमारे १५ मीटर उंचीचा कांस्याचा बुद्ध बसला आहे. ७५२ साली या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, ते भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूच्या हातून. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हाती धरल्या होत्या, म्हणजे डोळे रेखण्याचे पुण्य सर्वांना मिळावे! पुढे युद्धांत हे मंदिर ११८० आणि १५६७ मध्ये जळाले. आजची वास्तू १७०९ ची. जाळणारी माणसे आणि पुन्हा उभारणारी माणसे एकाच मातीतली, हा विचार तेव्हा मनात नुसता येऊन गेला. पुढे हिरोशिमाला तो पुन्हा भेटायचा होता.

मध्ये एका ओळखीच्या बाईंच्या खटपटीने प्राथमिक शाळा पाहिली. दाराशीच बाहेरचे जोडे काढून आतले जोडे घालायचे. दुपारचे जेवण मुलेच पांढरे अंगरखे घालून एकमेकांना वाढतात आणि मग रोजचा झाडलोटीचा तास. फडकी घेऊन ओणवी मुले लाकडी फरशीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होती. वर्गाच्या मागच्या भिंतीवर जपानच्या ‘बालदिना’साठी, म्हणजे ५ मेसाठी, केलेले कागदी मासे अजून लटकत होते. इतका आनंदी गलका मी आमच्या शाळेत फक्त सुट्टीची घंटा झाल्यावर ऐकला आहे.

तोच गलका कानांत घेऊन हिरोशिमात फुकुरोमाची शाळेपाशी गेले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला अणुबाँब फुटला, तिथून ही शाळा सुमारे ४६० मीटरवर. इमारतीचा सिमेंट-काँक्रीटचा भाग तेवढा तगला. तिथे जखमींसाठी मदतकेंद्र झाले. भिंती काजळीने काळ्या पडल्या होत्या, आणि त्यांवर लोकांनी शाळेतल्या खडूने निरोप लिहिले: अमका कुठे आहे, तमकीला कोणी पाहिले का. पुढे ती अक्षरे गिलाव्याखाली गेली आणि १९९९ मध्ये पुन्हा सापडली. २००२ पासून तिथे छोटे संग्रहालय आहे. मंडळी, मी अनेक वर्षे खडू हातात धरला आहे. शुद्धलेखनाखेरीज त्याचा असा उपयोग होईल, हे स्वप्नातही आले नव्हते. जाऊबाई अख्ख्या प्रवासात गप्प राहिल्या, त्या इथेच.

शांतिउद्यानात सादाको सासाकीच्या आठवणीसाठी उभारलेले मुलांचे स्मारक आहे. बाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या वर्गसोबत्यांनी हाक दिली, देशभरच्या मुलांनी पैसे जमवले आणि ५ मे १९५८ रोजी, त्याच बालदिनी, स्मारक उभे राहिले. जगभरातून आलेले कागदी करकोचे तिथे माळा करून टांगलेले असतात.

निघण्यापूर्वी सहावीतल्या एका मुलीने मला विचारले होते, “बाई, तिथं आता झाडं उगवतात का हो?” उत्तर त्याच उद्यानात मिळाले. स्फोटाच्या जागेपासून सुमारे १.३ किलोमीटरवर होरपळलेली ‘आओगिरी’ची झाडे १९७३ मध्ये इथे आणून लावली. भाजलेल्या बाजूचे खोड पोकळ, आणि तरी वर हिरवीगार पाने. त्यांच्या बियांची रोपे दूरदूरच्या शाळांना देतात.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मी त्या मुलीला हे सारे सांगितले. ती थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, “मग बाई, आपल्या शाळेलाही एक रोप मागू या ना!” सध्या वर्गात त्या पत्राचा कच्चा खर्डा चालू आहे. मजकूर मुलांचा, माझ्याकडे फक्त ऱ्हस्व-दीर्घ.