मोटारीचा रविवार आणि जूनचा जमाखर्च

रविवारी सकाळी पुण्यातल्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या आवारात डोकावले, तर बादली आणि फडके घेऊन आपल्या मोटारीभोवती रमलेला एखादा गृहस्थ हमखास दिसतो. आणि आठवडाभर कचेरीच्या दप्तरात गुंतलेल्या माणसाने स्वकष्टार्जित वस्तूची अशी स्वहस्ते शुश्रूषा करावी, यात मला गृहस्थधर्माचाच एक अंश दिसतो. चिंता वाटते ती दुपारची. सकाळी धुतलेली ती मोटार पाहून उत्पन्न झालेला उत्साह दुपारी शोभेच्या सामानाच्या दुकानाकडे वळतो, आणि झिजलेल्या टायरांसाठी लागणारी रक्कम चकचकीत चाकांवर किंवा सीट कव्हरांवर खर्ची पडते.

मोटारीच्या खर्चाची दोन स्वतंत्र खाती असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले निगेचे: टायर, ब्रेक, बॅटरी, वायपर, विमा, प्रदूषणाचा दाखला. या खात्याची जागा किराणा आणि औषधपाणी यांच्या पंक्तीतच आहे, कारण ज्या वाहनातून आपण वृद्ध आईला रुग्णालयात आणि मुलांना आजोळी नेतो, त्याचे ब्रेक लागणे ही चैन नव्हे. दुसरे खाते हौसेचे. ते पहिल्याची तरतूद पुरी झाल्यावरच उघडावे.

या तरतुदीचा हिशेब भीतिदायक मुळीच नाही. लहान मोटारीचे चार टायर आज साधारण अठरा हजारांत येतात आणि सामान्य वापरात चाळीसेक हजार किलोमीटर चालतात. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीस ते चार वर्षे पुरले, तर दरमहा पावणेचारशे रुपये पडतात. पाच हजारांच्या बॅटरीचे, ती साडेतीन वर्षे टिकली असे धरून, महिना सव्वाशेच्या आसपास होतात. म्हणजे पाचशे रुपये दरमहा बाजूला पडत गेले, तर ही दोन्ही मोठी ओझी अंगावर येत नाहीत. तसे न केल्यास काय घडते, हे आपल्याकडचा प्रत्येक संसारी माणूस जाणतो: शाळेची फी, वह्यापुस्तके, गणवेश आणि रेनकोट यांचा भार जूनमध्ये येतो, आणि नेमक्या त्याच महिन्यात पाऊस सुरू होऊन झिजलेला टायर व फाटलेला वायपर यांचा तगादाही दाराशी उभा राहतो. अशा वेळी मुलांच्या फीला प्राधान्य मिळते, ते योग्यच आहे. परंतु मोटार मात्र तशाच टायरांवर घाटात जाते, आणि मला ती गोष्ट अत्यंत क्लेशकारक वाटते.

म्हणून रविवारचा पहिला अर्धा तास धुण्यात न घालवता पाहण्यात घालवावा. टायरच्या खाचांमध्ये झीज दर्शविणारे छोटे उंचवटे असतात. खाचेची खोली १.६ मिलिमीटरवर आली की रबर त्यांच्या पातळीस पोहोचते, आणि तेव्हा तो टायर बदलण्यास विलंब लावू नये. हवेचा दाब गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. त्याचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर छापलेला असतो. स्टेपनी विसरू नये. काचेच्या तळाशी असलेल्या जाळीत अडकलेली झाडांची पाने काढावीत, नाहीतर पावसाचे पाणी तुंबून आत शिरते. कोकणात जाऊन आलेल्या गाडीच्या मडगार्डांच्या आतल्या बाजूची खारट माती पाण्याने निघून जाऊ द्यावी, कारण गंज तिथूनच धरतो. धुण्यासाठी नळी सोडून पाण्याचा पाट वाहविण्याची गरज नाही. एका बादलीत साबणाचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळण्याचे, एवढ्यावर काम भागते. कोरडी धूळ मात्र कदापि घासू नये. तिच्या कणांनी रंगावर ओरखडे उठतात.

हौसेविषयी माझे मन कठोर नाही, परंतु काही बदल केवळ महाग नसतात, ते अनर्थकारक असतात. मूळ साठ वॅटच्या दिव्याच्या जागी शंभर वॅटचा बसविला, तर बारा व्होल्टच्या तारांतून पाचऐवजी आठहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू लागतो. त्या तारा तेवढ्या जाड नसल्यास तापतात, आवरण वितळते आणि प्रसंगी आग लागते. समोरच्या चालकाचे डोळे दिपतात ते वेगळेच. मोठ्या व्यासाच्या चाकांवर टायरची कड उथळ होते आणि आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांचा आघात थेट धातूवर बसतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मुभा देत नाही. पुढच्या संरक्षक नळ्यांवर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात बंदीच आणली, कारण त्या पादचाऱ्यास घातक ठरतात आणि एअरबॅगच्या कार्यातही अडथळा आणू शकतात. आणखी एक व्यावहारिक सबब: मागाहून बसविलेल्या वस्तू विमापत्रात अलाहिदा नोंदवून घेतल्या नसतील, तर त्यांच्या नुकसानीची भरपाई मिळण्याची आशा धरू नये, आणि गाडी विकताना त्यांची किंमतही फारशी येत नाही.

दिवाळीचा बोनस हाती आला, पुढच्या जूनची तरतूद बाजूला पडली, आणि घरातल्या सर्वांनी एकत्र बसून संमती दिली, तर हौस अवश्य पुरवावी. नव्या मोटारींना मागे जाताना इशारा देणारे सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. त्याआधीची गाडी असणाऱ्यांनी पहिला मान त्यांना आणि मागच्या कॅमेऱ्याला द्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन. संस्थेच्या आवारात लहान मुले खेळत असतात, आणि मागच्या काचेतून ती दिसत नाहीत.

— कारभारी